डीडीएनएसच्या मुळाशी: जॉन पोस्टेल

राउटर रीस्टार्ट केला की घरचा आयपी बदलू शकतो, पण डायनॅमिक डीएनएसमुळे नाव तेच राहतं. ही नावांची सोय उभी करणाऱ्यांपैकी एक जॉन पोस्टेल, जन्म १९४३, कॅलिफोर्निया. पूर्वी सगळ्या कॉम्प्युटरची नावं एकाच फाइलमध्ये असायची. फाइल फुगत गेली, तेव्हा पोस्टेलनी सहकारी पॉल मोकापेट्रिसना उपाय शोधायला सांगितलं. १९८३ मध्ये डीएनएस आलं.

कुठल्याही नावाचा शोध रूट सर्व्हरपासून सुरू होतो, तुमच्या घरच्या नावाचाही. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेलनी एका मेलवर ८ रूट सर्व्हर आपल्या यादीकडे वळवले. चालकांनी ऐकलंही, एवढा विश्वास! अमेरिकन सरकार चिडलं; ही टेस्ट होती म्हणत त्यांनी माघार घेतली. त्याच ऑक्टोबरमध्ये हार्ट ऑपरेशननंतर ते गेले, वय ५५. आता ती यादी आयकॅन सांभाळते.