इंजिन पुढे आणणारा एमिल

ऑटोमोबाईलच्या पुस्तकात डेमलर आणि बेंझ पहिल्या पानावरच भेटतात. एमिल लव्हासोर मात्र शोधावा लागतो. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा सांभाळून घ्या.

१८४३ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला हा इंजिनियर पॅरिसला लाकूडकामाची मशिन्स बनवणाऱ्या कारखान्यात पनारचा भागीदार होता. डेमलरच्या इंजिनाचे फ्रान्समधले हक्क एदुआर सारझँकडे होते. तो १८८७ मध्ये वारला. त्याची बायको लुईझ हिने स्वतः डेमलरशी बोलून ते हक्क राखले आणि १८९० मध्ये लव्हासोरशी लग्न केलं. ही बाई नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला वाटतं.

तेव्हा इंजिन सीटखाली नाहीतर मागे असायचं. १८९१ मध्ये लव्हासोरने ते पुढे उभं केलं, त्यामागे क्लच, त्यामागे सरकणाऱ्या दातांचा गिअरबॉक्स. सिंक्रोमेश वगैरे काही नाही. गिअर टाकला की खडखडाट! पण गाडी चालायची.

आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या अॅम्बॅसडरचा क्लच बदलला, तेव्हा हीच रांग हाताला लागली. वर्कशॉपच्या मामांनी जुना इनपुट शाफ्ट घालून नवी क्लच प्लेट आधी मधोमध आणली, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळले. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर प्लेटचा हब वाकतो. शाफ्टचे खाचे जुळेनात, तर गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट हळूच फिरवायचा. बोल्टने ओढून बसवायचा नाही, हे मामा तीनदा म्हणाले. शेवटी खट्‌कन आत गेला.

जून १८९५. पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत, ११७८ किलोमीटर. वाटेत लव्हासोर वेळेच्या इतका आधी पोचला की बदली ड्रायव्हर झोपेत होता. मग काय, हाच पुढे निघाला! ४८ तास ४८ मिनिटांत परत, म्हणजे ताशी सरासरी २४ किलोमीटर. दुसरी गाडी जवळजवळ सहा तासांनी आली. तरी पहिलं बक्षीस मिळालं नाही, कारण नियमात चार सीट हवे होते आणि याच्या गाडीला दोनच. व्हायवात बाहेरचे एक्झामिनर असाच अन्याय करतात!

पुढच्या वर्षी पॅरिस-मार्सेय शर्यतीत कुत्र्याला वाचवताना गाडी उलटली. तो मार त्याला भोवला. १४ एप्रिल १८९७ रोजी तो गेला.

१९०७ मध्ये पॅरिसच्या पोर्त माय्योला त्याचं स्मारक झालं. दगडात गाडी कोरलीय, इंजिन पुढेच.