शेजाऱ्यांसाठी मृदू झालेला सूर

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरांतून परदेशी गिटारीही येतात आणि मुंबई-पुण्याच्या वाद्यांच्या दुकानांत पोहोचतात. त्यांतली पोकळ पेटीची विद्युत गिटार हौसेने घरी आणणाऱ्याला पुष्कळदा पहिल्याच दिवशी एक अडचण भेडसावते. अॅम्प्लिफायरला जोडताच तिचा सूर टोकदार होतो, कानाला बोचू लागतो. मग कोणी पिकअप बदलतो, कोणी तारा बदलतो, तर कोणी वाद्यावरची बटणे फिरवत बसतो. जाझ संगीतात याच वाद्यातून मखमली सूर काढणाऱ्या एका थोर वादकाने मात्र हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडवला होता, आणि त्याला निमित्त झाले होते शेजाऱ्यांचे. हा वादक म्हणजे वेस माँटगोमेरी.

जॉन लेस्ली ऊर्फ वेस माँटगोमेरी यांचा जन्म ६ मार्च १९२३ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झाला. घर कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे होते, पण संगीताचे वेड असलेले. थोरले बंधू मंक पुढे बेसवादक झाले, तर धाकटे बडी पियानो आणि व्हायब्राफोन वाजवू लागले. वेस यांच्या हाती प्रथम चार तारांची गिटार आली. सहा तारांच्या विद्युत गिटारीकडे ते वळले तेव्हा विशी जवळ आली होती, आणि १९४३ मध्ये तर ते संसारालाही लागले.

त्यांना या वाद्याकडे ओढून नेले ते चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिकांनी. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणलेल्या पोकळ विद्युत गिटारीला ख्रिश्चन यांनी वाद्यवृंदात मानाचे स्थान मिळवून दिले होते. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा बळी घेतला. वेस यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. त्यांनी तबकडी पुन्हा पुन्हा लावून ख्रिश्चन यांचे वादन स्वरन् स्वर कानाने उचलले. लवकरच एका क्लबात तेच तुकडे जसेच्या तसे वाजवण्याचे काम त्यांना मिळाले.

दिवसभर नोकरी आणि रात्री रियाज, असा हा क्रम होता. लहान घरातला अॅम्प्लिफायरचा तीक्ष्ण आवाज शेजाऱ्यांना सहन होईना. त्या तक्रारींमुळे वेस यांनी तारा छेडण्याची कडक पट्टी, म्हणजे प्लेक्ट्रम, बाजूला ठेवली आणि ते नुसत्या अंगठ्याने वाजवू लागले, असे सांगितले जाते. आवाज लहान झाला, आणि त्याचबरोबर त्याचा पोतही बदलला.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मूळ स्वराबरोबर त्यात अनेक उपस्वर मिसळलेले असतात. कडक पट्टीच्या आघाताने वरचे उपस्वर उसळतात, आणि घोडीजवळचा पिकअप त्यांना अधिकच उठाव देतो. वाद्यावरचे टोनचे बटण हे उपस्वर उमटून गेल्यावर त्यांना कापते. अंगठ्याचे मांस त्यांना मुळातच फारसे उसळू देत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते किंवा मिटते, हे आपल्याकडचा गवई जाणतोच. तेच मर्म वेस यांना अंगठ्यात सापडले. त्याला गुळगुळीत वेष्टनाच्या जाड तारांची आणि दांडीजवळच्या पिकअपची जोड मिळाली. पुढे गिब्सनने त्यांच्यासाठी एल-५ जातीची गिटार बनवली, तीही दांडीजवळच्या एकाच पिकअपची.

१९४८ ते १९५० या काळात वेस लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात होते. विमानाचे भय असल्याने ते दूरदूरच्या कार्यक्रमांना मोटार हाकत जात. अखेर घराच्या ओढीने ते इंडियानापोलिसला परतले. मोठ्या कुटुंबाचा भार होता. सकाळी सात ते दुपारी तीन कारखान्यात काम, रात्री नऊपासून दोनपर्यंत एका क्लबात वादन आणि तेथून निघून पहाटेपर्यंत दुसऱ्या क्लबात, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवण्याची त्यांची प्रसिद्ध शैली याच काळात सिद्ध झाली. झोपेची उधारी मात्र वाढत राहिली.

१९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्ली यांनी त्यांना तेथील एका क्लबात ऐकले आणि रिव्हरसाइड या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ओरिन कीपन्यूज यांच्याकडे त्यांची शिफारस केली. जानेवारी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या तबकडीने छत्तिशी ओलांडलेला हा वादक जाझच्या जगात अग्रभागी आला. पुढे लोकप्रिय गीतांच्या सुरावटी आणि व्हायोलिनच्या साथीने सजवलेल्या तबकड्यांनी त्यांना ग्रॅमी पारितोषिक आणि मोठा खप मिळवून दिला. प्रतिभा बाजाराला विकल्याचा ठपकाही जाणकारांनी ठेवला. आयुष्यभर दोन-दोन ठिकाणी राबून घर चालवलेल्या माणसाला हे यश नाकारणे किती अवघड होते, याचा विचार त्या टीकेत क्वचितच झाला.

यशाची चव फार काळ चाखणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जून १९६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, इंडियानापोलिसमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. देशभर नाव झाल्यानंतर त्यांना जेमतेम नऊ वर्षे मिळाली होती.

त्यांच्यासारखा सूर मिळावा म्हणून आजही वादक त्याच जातीची गिटार आणि त्याच जाडीच्या तारा शोधतात. पिकअपची उंची स्क्रूने कमी करून किंवा टोनचे बटण उतरवून सुराची धार थोडीफार बोथट करता येते, आणि ते अवश्य करावे. वेस यांच्याकडे मात्र त्या काळी बदलण्याजोगे दुसरे साहित्यही नव्हते. होता तो कारखान्यात दिवसभर राबलेला हात आणि पलीकडच्या खोलीत कोणी झोपले आहे ही जाणीव.