पडदा बाजूला करणारा पेंटर

गॅदरिंगच्या फोटोत आपला चेहरा झकास येतो, पण मागे नेमके दोरीवरचे टॉवेल दिसतात. मग होस्टेलमधला एखादा कलाकार फोटोशॉप उघडतो, आपल्याला कापतो आणि थेट ताडोबात नेऊन चिकटवतो. तरी काहीतरी खटकतंच! ही खटक शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी पकडली होती, तीही कॉम्प्युटरशिवाय.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कारागिराच्या घरातला. चित्रकला ते स्वतःच शिकले. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, काय हवं ते! म्हणून आडनाव मागे पडलं आणि 'पेंटर' हेच नाव झालं. आपल्या झाडीपट्टीत वडसा भागातली नाटकं पाहिलेल्यांना अशा पडद्याची जादू वेगळी सांगायला नको.

पण या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग काय, कॅमेराच बनवायचा! १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला. (आपण प्रोजेक्टचे पार्ट नागपूरहून आणतो, असो.) गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

आता खरी गंमत. नाटकात चालणारा पडदा कॅमेऱ्यासमोर उघडा पडतो. त्या काळी शूटिंग उन्हात व्हायचं. वारा आला की मागचा 'डोंगर' हलणार. नटाची सावली थेट त्या डोंगरावर पडणार. चित्रातला उजेड डावीकडून, सूर्य उजवीकडून! बाबूरावांनी पडदे रंगवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, पण सिनेमात त्याच पडद्याच्या जागी त्यांनी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. भारतीय सिनेमात हे करणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आहे. स्वतःचीच विद्या बाजूला ठेवायला मोठं मन लागतं, असं मला वाटतं.

१९२० च्या 'सैरंध्री'त स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ चा 'सावकारी पाश' तर कर्जात जमीन गमावून शहरात मजूर झालेल्या शेतकऱ्याचा. त्यात व्ही. शांताराम होते. विदर्भातल्या वाचकाला ही गोष्ट जुनी वाटणार नाही.

पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि १९२९ मध्ये 'प्रभात' निघाली. बाबूरावांची कंपनी बंद पडली. अधूनमधून सिनेमे केले, पण ते पुन्हा चित्रं आणि शिल्पांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

तर बॅकग्राउंड बदलणाऱ्यांनो, आधी नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. तोच उजेड असलेलं जंगल शोधा, कडा किंचित मऊ करा, मागचं थोडं धूसर करा. नाही जमलं तर टॉवेल काढून पुन्हा फोटो काढा. बाबूरावांनी बहुधा तेच केलं असतं.