तेरा वर्षांचे रवींद्रनाथ

रवींद्रनाथ ठाकूर म्हटले की आपल्यापुढे पांढरी दाढी आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक उभे राहते. मी नववी-दहावीच्या मुलींना कविता शिकवते, म्हणून मला त्यांचे तेराव्या वर्षाचे रूप अधिक जवळचे वाटते. शाळेचे नाव काढले की अंग चोरणारा मुलगा!

७ मे १८६१ रोजी कलकत्त्यास जोडासांकोच्या वाड्यात जन्मलेला हा मुलगा कोणत्याच शाळेत टिकेना. शेवटी घरी शिकवणाऱ्या ज्ञानचंद्र भट्टाचार्यांनी क्रमिक पुस्तके बाजूस ठेवली. कालिदासाचे ‘कुमारसंभव’ अर्थासह वाचून घेतले. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ बंगालीत समजावून दिले, आणि झालेल्या भागाचे बंगाली पद्य होईपर्यंत मुलाला खोलीत कोंडून ठेवले. कोंडणे मला मुळीच पसंत नाही. पण युक्ती मोठी नामी. ते भाषांतर पुढे खुद्द ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ऐकले. तेथे बसलेल्या राजकृष्ण मुखोपाध्यायांनी सुचवले, की चेटकिणींची भाषा आणि छंद इतरांहून निराळा हवा. छंद कशासाठी असतो हे नुसते गण पाडून कुठे कळते? मी मुलींना मोरोपंतांची आर्या ओवीत उतरवायला सांगते. यमक जुळेना म्हणजे मूळ आर्या त्या आपणहून चारचारदा वाचतात.

पुढे रवींद्रांना जुन्या वैष्णव पदांचे वेड लागले. त्याच ब्रजबोलीत त्यांनी पदे रचली, आणि भानुसिंह नावाच्या प्राचीन कवीची पोथी सापडली म्हणून एका मित्राला दाखवली. विद्यापती-चंडीदासांनाही असे जमले नसते, अशी त्याने वाखाणणी केली. खरा कवी कळताच मात्र स्तुती आवरती घेतली! १८७७ पासून ती पदे ‘भारती’ मासिकात येऊ लागली.

१८७८ साली ते आपल्या मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांकडे राहिले. त्यांची कन्या अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवी. त्यांनी तिला नलिनी हे नाव देऊन कविता लिहिली.

२२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनात त्यांनी स्वतःची शाळा काढली, अवघ्या पाच विद्यार्थ्यांची. वर्ग झाडाखाली भरत. मुले साहित्यसभेत आपले लेखन वाचत, हस्तलिखित मासिके काढीत. पैसा मात्र नव्हता. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने शाळेसाठी विकले. या माउलीचे नाव फारसे कोणी घेत नाही. शाळेला वर्ष होते न होते, तोच नोव्हेंबर १९०२ मध्ये त्या गेल्या.