महात्मा फुले यांचे मृद व जलसंधारणविषयक विचार

जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल १८२७ – २८ नोव्हेंबर १८९०) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, विचारवंत व लेखक होते. स्त्रीशिक्षण आणि जातिभेदनिर्मूलन यांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. पावसाचे पाणी वाहू न देता शेतातच मुरवावे, हा विचार त्यांनी शेतकऱ्यांच्या दारिद्र्यावरील एक उपाय म्हणून मांडला.

जीवन

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे त्यांचे मूळचे 'गोऱ्हे' हे आडनाव मागे पडून 'फुले' हे नाव रूढ झाले. जोतीराव व त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. शेती आणि बांधकामाची कंत्राटे ही त्यांच्या उपजीविकेची साधने होती. १८७६–७८ च्या दुष्काळात समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांची सोय केली होती.

शेतकऱ्याचा असूड

१८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात फुले यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची कारणे सांगून त्यावर उपायही सुचविले. सरकारने पलटणीतील व पोलिसांतील जादा शिपायांकडून जागोजागी ताली व बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी प्रथम शेतांत मुरेल व नंतर नदीनाल्यांस मिळेल, अशी त्यांची योजना होती. तलाव बांधावेत, नदीनाले व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना विनामूल्य नेऊ द्यावा आणि पाणाड्यांकडून भूगर्भातील पाण्याच्या जागा शोधून घ्याव्यात, अशा सूचनाही त्यांनी केल्या.

शास्त्रीय आधार

पावसाचे पाणी मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून खाली उतरते. त्यातील काही भाग पिकांच्या मुळांभोवती ओल म्हणून टिकतो, तर उरलेला झिरपत भूजलास मिळतो. पावसाचा जोर मुरण्याच्या वेगाहून अधिक असल्यास पाणी उतारावरून वाहते आणि वरची सुपीक माती सोबत नेते. वाशिम जिल्ह्यातील कामरगाव ज्या विदर्भात आहे, तेथे काळी, चिकण जमीन मोठ्या प्रमाणावर आढळते. अशा जमिनीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी झपाट्याने आत जाते. पुढे माती फुगून भेगा मिटतात व पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. उतारावर घातलेला बांध वाहते पाणी अडवून त्यास मुरण्यास अवधी देतो. म्हणूनच पाणलोट क्षेत्र विकासात बांधबंदिस्तीला महत्त्वाचे स्थान आहे.

अखेर व स्मृती

११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्यानंतर दोन वर्षांनी पुण्यात त्यांचे निधन झाले. राहुरी येथील कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.