लाहोरची महाराणी, लंडनमध्ये मृत्यू आणि नाशिकमध्ये समाधी : कोण होत्या महाराणी जिंद कौर?

नाशिकच्या पंचवटीत अस्थी विसर्जनासाठी देशभरातून लोक येतात. १८६४ साली याच गोदाकाठी एक तरुण आपल्या आईचे शेवटचे विधी करायला थेट इंग्लंडहून आला होता. अंगात पाश्चात्त्य कपडे, धर्माने ख्रिश्चन, पण जन्माने शीख साम्राज्याचा शेवटचा महाराजा. त्याचं नाव दुलीप सिंग. आणि त्याची आई म्हणजे महाराणी जिंद कौर, शेर-ए-पंजाब महाराजा रणजित सिंग यांची सर्वांत धाकटी राणी.

पंजाबच्या राणीची समाधी नाशिकमध्ये कशी काय? तर तिला पंजाबात नेऊ दिलं नाही म्हणून.

जिंद कौर यांचा जन्म १८१७च्या सुमाराचा, गुजरांवाला भागातला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. वडील मन्ना सिंग औलख हे रणजित सिंगांच्या दरबारी शिकारी कुत्र्यांची देखरेख करायचे. म्हणजे घराणं राजेरजवाड्यांचं नव्हतं. १८३५ मध्ये त्यांचं रणजित सिंगांशी लग्न झालं, सप्टेंबर १८३८ मध्ये दुलीपचा जन्म झाला आणि जून १८३९ मध्ये रणजित सिंग गेले.

पुढची चार वर्षं लाहोर दरबारात नुसती खुनाखुनी चालली. गादीवर बसलेले खडक सिंग वारले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार करून परतताना त्यांचा मुलगा नौनिहाल सिंग दरवाजाची कमान कोसळून जखमी झाला आणि त्यातच गेला. त्यानंतर आलेल्या शेर सिंगांची १८४३ मध्ये हत्या झाली. उरला पाच वर्षांचा दुलीप. तो महाराजा झाला आणि काही काळातच कारभाराची सूत्रं जिंद कौर यांच्या हाती आली.

त्या पडदा सोडून दरबारात बसू लागल्या, सैन्याची पाहणी करू लागल्या. पण खरी ताकद होती खालसा फौजेकडे. फौजेच्या पंचायती वजीर ठरवायच्या आणि नको असला तर संपवायच्याही. जिंद कौर यांचे भाऊ जवाहर सिंग वजीर होते. रणजित सिंगांचे पुत्र पेशौरा सिंग यांच्या हत्येचा ठपका त्यांच्यावर आला आणि सप्टेंबर १८४५ मध्ये फौजेने बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यांना ठार केलं.

त्यानंतर तीनच महिन्यांत इंग्रजांशी पहिलं युद्ध पेटलं. मुदकी, फिरोजशाह, अलीवाल आणि शेवटी १० फेब्रुवारी १८४६ला सोबराव. शीख फौज चिवटपणे लढली, पण तिचे सेनानी लाल सिंग आणि तेज सिंग यांच्यावर फितुरीचा आरोप आजही होतो. डोईजड झालेल्या फौजेची खोड मोडावी म्हणून जिंद कौर यांनाच हे युद्ध हवं होतं, असंही काही इतिहासकार मानतात. भावाचा खून पाहिलेल्या बाईच्या मनात असं काही आलं असेल तर नवल नाही. पण युद्ध झाल्यावर त्यांनी जे सोसलं, ते पाहता त्या इंग्रजांच्या बाजूच्या होत्या असं मात्र म्हणता येत नाही.

मायलेकरांची ताटातूट

डिसेंबर १८४६च्या भैरोवाल तहाने जिंद कौर यांचे अधिकार काढून घेतले. दुलीप १६ वर्षांचा होईपर्यंत इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखालचं मंडळ कारभार बघणार आणि राणीला वर्षाला दीड लाख रुपये तनखा मिळणार, असं ठरलं.

ऑगस्ट १८४७ मध्ये तेज सिंगांना राजा हा किताब देण्याचा समारंभ होता. छोट्या महाराजाने त्यांना टिळा लावायचा होता. त्याने हाताची घडी घातली आणि चक्क नकार दिला. पोराला हे आईनेच शिकवलं, असं रेसिडेंट हेन्री लॉरेन्स यांनी ठरवलं. जिंद कौर यांना आधी लाहोरच्या किल्ल्यातच डांबलं, मग शेखुपुऱ्याला हलवलं. तनखा ४८ हजारांवर आला. दुलीपला नऊ पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. त्याच्यापासून तोडल्याबद्दल राणीने रेसिडेंटला पत्रं लिहिली, पण उपयोग झाला नाही.

मे १८४८ मध्ये त्यांना पंजाबाबाहेर बनारसला धाडलं. मुलतानमध्ये बंड आधीच पेटलं होतं, त्यात राणीच्या हद्दपारीने शीख सैनिकांचा राग आणखी वाढला. दुसरं युद्ध झालं आणि २९ मार्च १८४९ला पंजाब कंपनी सरकारच्या राज्यात सामील झाला. कोहिनूरही गेला.

याच वेळी राणी चुनारच्या किल्ल्यात कैदेत होत्या. एप्रिल १८४९ मध्ये दासीचा वेश करून त्या तिथून निसटल्या आणि जंगल-तराई ओलांडून थेट काठमांडूला पोचल्या. नेपाळचे जंग बहादूर राणा यांनी आश्रय दिला, पण अटींसह. इंग्रजांची नजर होतीच. शिवाय राणी चारित्र्यहीन आहे, अशी बदनामीही इंग्रज अधिकाऱ्यांनी पद्धतशीरपणे चालवली. गादीवरच्या मुलाची आई लोकांच्या मनातून उतरली की काम सोपं होतं.

तिकडे दुलीपला डॉ. जॉन लॉगिन यांच्याकडे फतेहगडला ठेवलं. १८५३ मध्ये तो ख्रिश्चन झाला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेला. व्हिक्टोरिया राणीचा तो लाडका पाहुणा होता.

साडेतेरा वर्षांनी भेट

जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात मायलेकरं भेटली. दुलीप २२ वर्षांचा झाला होता आणि आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. योगायोगाने चीनच्या लढाईवरून परतलेले शीख सैनिक शहरात होते. आपला महाराजा आलाय कळताच ते हॉटेलबाहेर जमले आणि जयघोष करू लागले. सरकार घाबरलं. दोघांना लगोलग इंग्लंडला जायला सांगण्यात आलं.

इंग्लंडमध्ये जिंद कौर जेमतेम दोन वर्षं जगल्या. पण तेवढ्या काळात त्यांनी दुलीपला त्याचा धर्म, त्याचं राज्य, काय गेलं आणि कसं गेलं, हे सगळं सांगितलं. आईची संगत त्याला बिघडवतेय असं इंग्रज अधिकाऱ्यांना वाटू लागलं आणि त्यांना वेगळ्या घरात ठेवण्यात आलं. १ ऑगस्ट १८६३ला लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये तेव्हा दहनाची सोय नव्हती. त्यामुळे पार्थिव महिनोन् महिने केन्सल ग्रीन दफनभूमीतल्या चॅपेलमध्ये ठेवावं लागलं.

लाहोरला अंत्यसंस्कार व्हावेत ही त्यांची इच्छा होती. सरकारने पंजाबात पाऊल टाकायची परवानगी नाकारली. मेलेल्या राणीचीही भीती होती म्हणायची! म्हणून १८६४ मध्ये दुलीपने पार्थिव मुंबई इलाख्यात आणलं, इथेच दहन केलं आणि पंचवटीच्या बाजूला एक छोटी समाधी बांधली. हीच गोदावरी पुढे नांदेडला जाते, जिथे १७०८ मध्ये गुरू गोबिंद सिंग यांनी देह ठेवला. तिथल्या हजूर साहिबची इमारत उभारण्यात रणजित सिंगांचाच हात होता.

आईने पेरलेलं पुढे उगवलं. १८८६ मध्ये दुलीप सिंग भारतात यायला निघाले. इंग्रजांनी त्यांना एडनला अडवलं, तर तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला. १८९३ मध्ये पॅरिसला ते वारले. पंजाब त्यांना परत दिसला नाही.

नाशिकच्या समाधीची देखभाल कपूरथळा संस्थान करत होतं. शेवटी १९२४ मध्ये दुलीप सिंगांची थोरली मुलगी राजकुमारी बंबा सदरलँड पुढे आली. तिच्या नावातही आजीचं जिंदां हे नाव होतं. तिने आजीच्या अस्थी नाशिकहून लाहोरला नेल्या आणि रणजित सिंगांच्या समाधीजवळ ठेवल्या. मृत्यूनंतर ६१ वर्षांनी जिंद कौर घरी पोचल्या.