निळ्या बाळांच्या डॉक्टरीणबाई : हेलन टॉसिग

आमच्या पांढुर्णा-सौसर भागात दुखणे मोठे झाले की माणसे नागपूरची वाट धरतात. तेथे कधी डॉक्टर सांगतात की, ऑपरेशनने आराम पडेल, पण मूळ रोग जाणार नाही. घरची मंडळी पहिले वाक्य ऐकतात, दुसरे कानाआड करतात. रोगाने पुन्हा डोके वर काढले की आपण फसलो असे त्यांना वाटते. अशा वेळी आम्हांला डॉ. हेलन टॉसिग आठवतात.

त्यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेत झाला. लहानपणीच आई क्षयाने वारली. वाचताना अक्षरे चुकत. हार्वर्डमध्ये स्त्रियांना वैद्यकीची पदवी मिळत नसे, म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून त्या १९२७ साली डॉक्टर झाल्या. पुढे कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाची गती ओळखू लागल्या.

काही बाळांच्या हृदयात भोक असते व फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. ती निळी पडतात. जन्मापूर्वीची एक रक्तवाहिनी उघडी राहिली तर अशी बाळे तग धरतात, हे बाईंनी हेरले. तशीच वाट शस्त्रक्रियेने करावी, ही कल्पना त्यांची. व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत पद्धत बसवली आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली.

ती पहिली मुलगी सुधारून घरी गेली. पण काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली व पुढे दगावली. भोक तसेच होते, अरुंद वाटही तशीच होती. तरी हीच शस्त्रक्रिया झालेली इतर कितीतरी मुले चालू-खेळू लागली. १९५४ साली हृदय उघडून दोष दुरुस्त करणे साधले, तोवर त्यांतली बरीच जगली होती. बाईंनी आपल्या रोग्यांची विचारपूस अनेक वर्षे सोडली नाही. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

आराम म्हणजे बरे होणे नव्हे. पण आराम ही लहान गोष्टही नव्हे. आजाऱ्याच्या भेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींनी कुटुंबाला एवढे विचारायला शिकवावे : कोणता त्रास कमी होईल? कोणता राहील? आराम साधारण किती काळ टिकेल? ऑपरेशन न केल्यास काय होईल? आणि हे बोलणे शक्यतो आजाऱ्यासमोरच व्हावे. देह त्याचा आहे. खरे सांगितल्याने आशा मरत नाही, तिला पाय फुटतात.